मानाचं पुढचं चाक

राजाराम परबाला निवडता येणार नाही अशी वस्तू जगात नव्हती. विक्रोळीच्या कारखान्यात तो सोळा वर्षं स्टोअर्समध्ये होता. एकसारखे दिसणारे दोन नट तळहातावर ठेवले, तर त्यातला वाकडा कुठला ते तो डोळे मिटून सांगे. त्यामुळे एका निवृत्त पारशी साहेबाची मोटरसायकल त्यानं घेतली आणि तिचे दोन्ही टायर साहेबाच्या टकलाइतके गुळगुळीत निघाले, तेव्हा तो अजिबात डगमगला नाही.

"टायर ना? दहा मिनिटांत निवडतो!" तो बायकोला, अनुपमाला म्हणाला.

आणि खरं सांगायचं तर त्यानं ते दहा मिनिटांत निवडलेही होते. दुःख आहे ते इथंच!

साल शहाऐंशी, मे महिना. राजारामनं आठ दिवसांची रजा मंजूर करून घेतली होती. मुलं आजीबरोबर आधीच गावाला गेली होती. भांडुपच्या दहा बाय बाराच्या खोलीत अकरा वर्षांत पहिल्यांदाच दोनच माणसं उरली होती आणि ती दोघं एकमेकांशी जरा लाजूनच बोलत होती. ती अकरा वर्षांत कधी बरोबर गावाला गेली नव्हती असं नाही. पण प्रत्येक वेळी सासूबाई होत्या, मुलं होती, शेजाऱ्यांची ट्रंक होती आणि अनुपमाच्या मांडीवर कुणाचं तरी उलटी करणारं पोर होतं. यंदा मोटरसायकलवरून दोघंच जाणार होती. वाटेल तिथं थांबत, रमतगमत, दोन दिवसांत कातळवणे. अनुपमानं शनिवारची पिशवी बुधवारीच भरून ठेवली होती.

घाटकोपरच्या दुकानात शेठनं तीन टायर समोर टाकले होते.

"ये पट्टीवाला. हायवे पे मक्खन! मगर गाँव के पत्थर पे फिसलेगा. ये बटनवाला. पत्थर पे चढ़ेगा, मगर हायवे पे घूँ घूँ करेगा, मोड़ पे डराएगा. और ये बीचवाला. स्पीड भी देगा, लंबा भी चलेगा, बीवी भी आराम से बैठेगी."

"बीचवाला," राजाराम म्हणाला. "जोडी बाजूला ठेवा. उद्या गाडी घेऊन येतो."

तो त्याच दिवशी गाडी घेऊन गेला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण त्या संध्याकाळी मुंबईतल्या कातळवणे ग्रामस्थ मंडळाची सभा होती आणि राजाराम मंडळाचा सेक्रेटरी होता. सभेत त्यानं सहज, म्हणजे अगदी छाती काढून सांगितलं, "शनिवारी मी मोटरसायकलनं गावाला चाललोय. मुंबईहून कातळवण्यात शिरणारी पहिली मोटरसायकल! नवे टायर टाकतोय!"

टाळ्या पडल्या. मग काशीराम उठला. काशीराम खालच्या वाडीचा.

"टायर खंयचो?"

"मधला."

"मधलो म्हणजे?" काशीरामचा आवाज चढला. "आमच्या वाडीक खाडीकडची वाट. सगळी रेव! थंय पट्ट्यांचोच टायर होयो. आमच्या वाडीत येवचा नाय, असा ठरवलंस काय?"

लगेच वरच्या वाडीचा बाळा उठला. "ह्याच्या वाडीत कशाक जातलो तो? पयलो वर येतलो! वर सगळो कातळ. बटनाचो टायर घे रे राजाराम!"

कातळवण्यात देवळाचा रंग, शाळेची घंटा आणि भजनाची पेटी या तिन्ही बाबतीत वरची वाडी आणि खालची वाडी यांचं कधी एकमत झालं नव्हतं. टायर हा चौथा विषय आहे हे तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, इतकंच! अध्यक्ष धोंडूआप्पा, संपात गिरणीतली नोकरी गमावलेले आणि त्यामुळे सभा घ्यायला भरपूर वेळ असलेले, टेबलावर थाप मारून म्हणाले, "गावच्या अब्रूचा प्रश्न आहे. उपसमिती नेमू या!"

आता सेक्रेटरीनं उपसमितीला विरोध कसा करायचा? राजारामनं ठराव लिहून घेतला. अक्षर सुरेख आलं.

घरी आल्यावर अनुपमानं विचारलं, "टायर आणले?"

"उपसमिती बसलीय."

"टायरांवर?"

"दोन दिवसांचा प्रश्न आहे गं!"

"अहो, मला कुठलाही टायर चालेल. टायर नसला तरी चालेल. पण निघू या!"

उपसमिती बसली ती शुक्रवारी. बाळा आणि काशीराम एकमेकांकडे पाठ करून चहा प्यायले. शनिवारी पुन्हा बसली. रजेचा पहिला दिवस गेला. रविवारी धोंडूआप्पांनी तोडगा काढला, "देवाला विचारू या!" गावाला तार गेली : टायरसाठी कौल लावून कळवा. कौल म्हणजे देवाच्या अंगाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर वरची वाडी, डावी पडली तर खालची. आजवर देवानं लग्नं ठरवली होती, हरवलेल्या म्हशी शोधल्या होत्या. टायर त्याच्यापुढं पहिल्यांदाच येत होता. तारेचं उत्तर यायला मंगळवार उजाडला : दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

"बघा!" धोंडूआप्पा गहिवरले. "देवसुद्धा मध्ये पडायला तयार नाही! दोन चाकं आहेत, दोन वाड्या आहेत. एक टायर पट्ट्यांचा, एक बटनांचा!"

राजारामनं सुटकेचा निःश्वास सोडला. कारण पुढं पट्ट्यांचा आणि मागं बटनांचा, असे टायर तर पुष्कळ गाड्यांना असतात! मधल्या जोडीइतकं नाही, पण चाललं असतं. त्यानं चटकन लिहून घेतलं : पुढील चाक, खालची वाडी. मागील चाक...

"थांब!" बाळा कडाडला. "गावात पयला कुठला चाक शिरतला?"

 कुठलं चाक आधी शिरणार याबद्दल दोन मतं असणं कठीण होतं.

"शिमग्याक पालखी पयली खंय येता? वर! पयलो मान आमचो. आणि आता आमी खालच्यांच्या मागसून येवचा? फुडला चाक आमचा!"

"अरे बाळा," राजाराम काकुळतीला आला, "बटनाचा टायर जाडा असतो. तो मागं लागतो. पुढं बसणार नाही."

"मान आसा तर बसतलो!"

काशीरामनंही माघार घेतली, पण ती अशी की, "घेवंदेत मान. ढकलतलंव आमीच!" इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकाला असते, हे त्याला कुणीतरी सांगितलेलं होतं. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

घाटकोपरच्या शेठनं ती जोडी बघून दोन्ही हात कानाला लावले. "उल्टा है, साब!"

"मालूम है," राजाराम म्हणाला. "मंडल का फैसला है."

पुढचा मडगार्ड ठोकून वर उचलावा लागला. गाडी आता नाक वर करून बसलेल्या बेडकासारखी दिसत होती.

बुधवारी सकाळी मंडळानं नारळ फोडला, दोन्ही टायरांना हळद-कुंकू लावलं, आणि रजेचे चार दिवस घालवून दोघं निघाली. मागच्या सीटवर अनुपमानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तेवढी अडीच-तीन मैलांची वाट राजारामला अजून आठवते. हायवेवर पुढचं चाक घूँ घूँ करत होतं, हँडल पिसाळलेल्या रेड्याच्या शिंगांसारखं थरथरत होतं, आणि अनुपमा त्याच्या कानाशी ओरडत होती, "काही का असेना! निघालो की हो!"

विक्रोळीला बटनं मडगार्डला घासायला लागली. आधी रबराचा वास, मग धूर. राजारामनं ब्रेक दाबला. जाड्या टायरानं मडगार्ड घट्ट धरून ठेवला आणि गाडी म्हशीसारखी शांतपणे कुशीवर झाली. तीही कुठं? कारखान्याच्या गेटसमोर! सातची पाळी आत शिरत होती. ज्यांना तो सोळा वर्षं नट निवडून देत आला होता, त्या दोनशे माणसांनी त्याला उचललं.

"परब, रजेवर ना रे तू?"

"टायर बघ यार! कुणी निवडले?"

अनुपमाला खरचटलंही नव्हतं. ती पदर झटकून, पिशवी हातात घेऊन उभी होती. कुणीतरी म्हणालं, चेंबूरला कोकणात जाणारी एसटी मिळेल. एक टेम्पो तिकडंच चाललाय, सोडेल.

"चला," ती म्हणाली. "एसटीनं जाऊ. उभ्यानं जाऊ. दोघंच तर आहोत!"

राजारामनं आडव्या गाडीकडं पाहिलं. चाकांवरच्या कुंकवाकडं पाहिलं.

"गाडी सोडून कसा येऊ गं? मंडळाला काय सांगू?"

अनुपमा टेम्पोत चढली. वळणापर्यंत तिनं मागं पाहिलं असावं, पण तेव्हा तो मडगार्ड सरळ करत होता.

संध्याकाळी चौकशी समिती नेमली गेली. इतिवृत्त अर्थातच राजारामनं लिहिलं. उरलेली रजा त्यातच संपली. अनुपमाचं कार्ड आलं : पोचले. एसटी स्टँडवर दोन्ही वाड्या ताशे घेऊन आल्या होत्या. गाडी नाही म्हटल्यावर ताशे घेऊन परत गेल्या. पिशवी मीच नेली.

महिन्यानं राजाराम कुणालाही न सांगता घाटकोपरला गेला आणि ती मधली जोडी बसवून आला. दहा मिनिटं लागली.

"रविवारी पनवेलपर्यंत जाऊन येऊ?" त्यानं अनुपमाला विचारलं. "दोघंच."

"तुम्ही या जाऊन," ती मुलांचे शाळेचे कपडे घडी करत म्हणाली. रागानं नाही. रागानं म्हणाली असती, तर त्याला काहीतरी करता आलं असतं!

तो एकटाच जाऊन आला. परतताना शेठनं दुकानातून हाक मारली.

"क्या साब, बीचवाला कैसा चलता है?"

"झकास!" राजाराम म्हणाला. "बस, पीछे थोडा हलका लगता है."

शेठनं गेज आणून मागच्या चाकाची हवा तपासली. हवा बरोबर होती.