वालाच्या दोन पुरचुंड्या

आमच्या शेजारचे वामनभावजी चहा नेहमी दोन कप करत. एक प्यायला, एक ताडून बघायला. दुसऱ्या कपावर साय धरली की घड्याळ बघून वहीत टिपत आणि म्हणत, "सिद्ध झालं!" काय सिद्ध झालं, ते विचारायची कोणाची छाती नव्हती. अंबरनाथच्या एका कारखान्यातल्या प्रयोगशाळेत ते मदतनीस होते. आमच्या चाळीत शास्त्र म्हणून जे काय होतं ते तेवढंच.

काळ्या छत्रीखाली जास्त उकडतं, हे त्यांनी एकदा ढगाळ दिवशी सिद्ध केलं. आम्ही हसलो. चाळीच्या विहिरीच्या वेळी मात्र मला हसू आलं नाही.

माझी सुमी एका महिन्यात दोनदा हगवणीने आजारी पडली होती. आम्ही बायकांनी घरमालकाकडे नळ मागितला. तो म्हणाला, "विहीर वाईट आहे असं वामनरावांनी सांगू दे, लगेच नळ घेतो."

भावजींनी वाल भिजवले. काही विहिरीच्या पाण्यात, काही कारखान्यातून आणलेल्या नळाच्या पाण्यात. मग दोन पुरचुंड्या बांधून ठेवल्या. सोडल्या तेव्हा विहिरीच्या वालांना लांब मोड, नळाच्यांना जेमतेम टोक.

"सिद्ध झालं! विहीर उत्तम. आजच मालकांना कळवतो."

मी चौथी शिकलेली. पुरुषांसमोर माझा आवाज फुटत नाही. पण त्या दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली.

"भावजी, विहिरीची पुरचुंडी कुठे ठेवली होती?"

"चुलीमागे."

"आणि नळाची?"

"मोरीच्या कट्ट्यावर. चुलीमागे जागा नव्हती."

"मग मोड उबेने आले. पाण्याने कशावरून?"

"वहिनी, शास्त्रात असं..."

"शास्त्र राहू द्या! जागा बदलून बघा. आणि वालाला मानवलं ते माझ्या लेकीला मानवेल? वालाला हगवण लागते का?"

दारातल्या बायका फिदीफिदी हसल्या. भावजी लालेलाल झाले. पण त्यांनी नवे वाल भिजवून जागा बदलल्या. या खेपेला नळाच्या वालांना लांब मोड आले.

नळाचा अर्ज घेऊन मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. भावजी पाटावर बसले होते.

"म्हणजे विहीर चांगली की वाईट, हे यातून कळतच नाही?" त्यांनी मला विचारलं.

"नाही."

आम्ही राहायला येण्याआधी त्यांची बायको विषमज्वराने गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"ती म्हणायची, पाणी उकळू या," ते म्हणाले. "मी म्हटलं, कशाला कोळसा जाळायचा? पाणी चांगलं आहे. तेव्हापासून तेच सिद्ध करत बसलोय."

त्यांनी अर्जावर सही केली. "नळ येईपर्यंत सुमीला उकळून द्या."

"आणि तुम्ही?"

त्यांनी विहिरीच्या पाण्याने भरलेल्या कळशीकडे पाहिलं. इतकी वर्षं ते स्वतः हेच पाणी न उकळता पीत होते.

माझा राग गेला नव्हता. मी कळशी उचलली आणि घरी येऊन सुमीच्या आधी त्यांचं पाणी चुलीवर ठेवलं.