फिनलंडात लाईन गेली

नंदिनी गजभिये शिकायला फिनलंडला गेली, ती थेट स्वतःच्या घराच्या मागच्या खोलीत. चांगले चार महिने राहिली. आता हे असं कसं झालं, ते सांगायलाच हवं.

तिकडच्या एका विद्यापीठात एका सेमिस्टरसाठी तिची निवड झाली होती. वडील धम्मानंद हे नागपूर-उमरेड एस.टी.चे कंडक्टर. निवडीचं पत्र घरी आलं आणि त्या दिवसापासून उमरेडच्या प्रवाशांना तिकिटाबरोबर ते पत्रही दिसू लागलं. आधी ते झेरॉक्स दाखवत. पण झेरॉक्स पाहून लोक नुसती मान हलवत, आणि रंगीत शिक्क्याचं अस्सल पत्र पाहिलं की हात लावून बघत. मग माणूस अस्सलच दाखवणार की!

व्हिसासाठी नंदिनीला आधी दिल्लीला जायचं होतं, आणि तिथूनच पुढे फिनलंडला. "व्हिसा हाती येऊ द्या, मंग करा सत्कार," असं तिची आई कामिनी म्हणत होती.

"अवं, निवड झाली ना? मंग व्हिसा काय पळून जाते?" धम्मानंद म्हणाले.

झालं! विहारात सत्कार झाला, चौकात वस्तीतल्या हौशी लहानूनं बारा फुटी फ्लेक्स लावला, आणि विमानतळावर पोचवायला तीन ऑटो भरून वस्ती गेली. दिल्लीत खिडकीपलीकडच्या बाईनं मूळ पत्र मागितलं. नंदिनीनं फाईल उघडली, तर आत झेरॉक्स. अस्सल पत्र त्या वेळी तिकिटांच्या बॅगेत बसून उमरेडला निघालं होतं. पुढची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली, आणि सेमिस्टर तर आठवड्यावर आलं होतं.

विद्यापीठ बिचारं भलं. 'आता हे सेमिस्टर तिथूनच ऑनलाईन पूर्ण करा,' असं त्यांनी कळवलं. नंदिनी रेल्वेनं परत आली आणि भर दुपारी, नागपूरच्या साऱ्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांधून घरात शिरली.

धम्मानंद भिंतीला टेकून बसले होते. "मी सांगतो वस्तीले. माह्यानंच झालं."

"काही सांगायचं नाही, बाबा," नंदिनी म्हणाली. "लोक तुमाले जन्मभर हसतीन. मी मागच्या खोलीत राहतो. चार महिने तर आहेत."

बाप त्या दिवशी जेवला नाही. पोरीनं मात्र दार लावून घेतलं आणि आठवडाभरानं तिथूनच पहिला तास ऐकला.

खोटं बोलणं सोपं असतं हो, त्याला रोज खाऊ घालणं कठीण. आठ दिवसांत वस्तीनं बर्फातला फोटो मागितला. कामिनीनं फ्रीजमधला बर्फ चमच्यानं खरवडला, नंदिनीच्या टोपीवर भुरभुरला, आणि मागे पांढरी चादर धरली. फोटो लय गाजला. मग शेजारच्या कांताबाई भिवापुरी मिरचीचं तिखट घेऊन आल्या, "पोरीले पाठवजा गा." ते तिखट दोन भिंती ओलांडून फिनलंडला पोचलं. पाठोपाठ कोणी पापड दिले, कोणी सांडगे. आश्चर्य म्हणजे सगळं नंदिनीच्या आवडीचंच निघे, आणि 'कुरिअरनं पोचलं का?' असं एकानंही कधी विचारलं नाही. हे धम्मानंदांच्या लक्षात यायला हवं होतं. पण डोक्यात एकच काळजी घेऊन फिरणाऱ्या माणसाला बाकी काय दिसणार?

एप्रिल आला. बाबासाहेबांच्या जयंतीला नंदिनीनं फिनलंडहून दोन शब्द बोलावेत, असं लहानूनं ठरवून टाकलं. अंधार पडताच विहारासमोर पडदा लागला, स्पीकर लागले. दिवसा पारा त्रेचाळीसवर गेलेला, आणि मागच्या खोलीत नंदिनी मोबाईलसमोर स्वेटर, टोपी, मफलर घालून बसलेली. आवाज जाईल म्हणून कूलरही बंद.

"इथं कसं वाटते, असं सारे विचारतात," ती पडद्यावरून बोलू लागली. लिहून ठेवलेलं भाषण बाजूलाच राहिलं. "खरं सांगू? लय एकटं वाटते. खिडकीतून लोक येताजाताना दिसतात, त्यांचं हसणं आयकू येते, पण कोणाशी बोलता येत नाही. कधी कधी वाटते, दार उघडून धावत सुटावं."

 विहारासमोर धम्मानंद जमिनीकडे बघत होते.

आणि त्याच क्षणी अख्ख्या वस्तीची वीज गेली. विहाराला जनरेटर होता, त्यामुळे पडदा चालूच राहिला. त्यावरची नंदिनी मात्र अंधारात बुडाली, आणि स्पीकरमधून तिचा आवाज चौकापर्यंत घुमला, "आई, लाईन गेली वं!"

 धम्मानंदांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेवढ्यात पहिल्या रांगेत कांताबाई उभ्या राहिल्या.

"जाणारच ना! एवढ्या थंडीत तारा नाही का आखडत? वाजवा टाळ्या!"

आणि वस्तीनं टाळ्यांचा कडकडाट केला.

थोड्या वेळानं मागच्या खोलीचं दार वाजलं. बाहेर कांताबाई होत्या, एका हातात पंखा, दुसऱ्या हातात ताकाचा तांब्या. "स्वेटर काढ वं आधी. उकडून मरशीन."

नंदिनीला रडूच फुटलं. "मावशी, तुमाले कधी कळलं?"

"स्कार्फानं तोंड झाकते, चाल झाकत नाही. अन् रिकाम्या खोलीत कोणी दिवसभर कूलर चालवते काय?" त्या तिला वारा घालू लागल्या. "पण मले त्याच्याही आधी माहीत होतं. तू दिल्लीले होती ना, त्या दिवशी मी उमरेडच्या गाडीत होतो. तुह्या बापानं मोठ्या खुशीनं पत्र दाखवलं. रंगीत शिक्क्याचं. मी तवाच समजलो, पोरगी वापस येते."

"मंग बोलल्या काहून नाही?"

"त्याच्या तोंडाकडे पायलं, अन् नाही बोलवलं. मंग वस्तीले सांगून ठेवलं, कोणी काही इचारू नका म्हणून."

मे संपता संपता नंदिनी स्कार्फ बांधून, बॅग घेऊन ऑटोनं विमानतळावर गेली आणि तिथून परत आली. चौकात लहानूचा नवा फ्लेक्स होता. तिनं सगळे पेपर चांगल्या मार्कांनी पास केले होते, ते मात्र शंभर टक्के खरं होतं. हार घालताना कांताबाईंनी साऱ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "थंडी लय होती काय वं तिकडं?"

"हो, मावशी," नंदिनी म्हणाली, आणि त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडू लागली.

"पाहा," धम्मानंद घाईघाईनं लोकांना म्हणाले, "तिकडची आठवण येऊन राहिली तिले."

"येनच ना, भाऊ," लोक म्हणाले.

सगळे पांगल्यावर धम्मानंद कांताबाईंजवळ आले. चार महिन्यांत पाठीला पोक आलं होतं. त्यांनी तिकिटांच्या बॅगेतून घड्या पडून फाटायला आलेला एक कागद काढला.  "कांताबाई, ते पत्र... त्या दिवशी गाडीत मी..."

"कोणतं पत्र?" कांताबाई म्हणाल्या. "मले नाही बा आठवत. चाल गा आत, पोहे थंडे होऊन राहिले."