स्क्रीन दोनमधलं हळदीकुंकू

बघण्याच्या कार्यक्रमात राजसीने सोहमला विचारलं होतं, "तुला रंग कुठला आवडतो?" आणि माईंनी सांगितलं होतं, "मोरपंखी." स्वयंपाक येतो का, यावरही माईच म्हणाल्या, "छे गं, विस्तवाजवळ मी त्याला जाऊच देत नाही." त्यांचा हा अठ्ठावीस वर्षांचा लेक अंबरनाथच्या एका कारखान्यात भट्टीवरच इंजिनियर होता, पण ते सांगायला बिचाऱ्याला फटच मिळाली नाही.

निघताना राजसीने अट घातली. रविवारी बदलापुरात दोघांनीच पिक्चर बघायचा. मुलगा स्वतःच्या तोंडाने बोलतो की नाही, ते पाहून ती होकार-नकार कळवणार होती. सोहमला ती मनापासून आवडली होती. त्यामुळे माईंनी दिलेली पाण्याची बाटली जिन्यातच लपवून तो मांजर्लीतल्या घरून एकटा निघाला.

पिक्चर राजसीनेच निवडला होता. आईने कधी घराबाहेर सोडलंच नाही अशा एका पोराची गोष्ट. विनोदी, जराशी तऱ्हेवाईक आणि कोणी नावही न ऐकलेली. थिएटरच्या स्क्रीन दोनमध्ये प्रेक्षक दोनच, हे दोघं. मॅनेजर डोकं खाजवत आला.

"साहेब, दोन तिकिटांवर शो नाय लागत. निदान दहा पब्लिक तरी पायजे."

राजसीने सोहमकडे पाहिलं. काहीतरी करून दाखवायची हीच वेळ होती. सोहमने केलंही. त्याने माईंना फोन लावला.

"तू येऊ नकोस हं माई. फक्त कोणीतरी आठ जण पाठव. लगेच!"

घरी माईंचं संक्रांतीचं हळदीकुंकू रंगात आलं होतं. पोराचं लग्न आठ माणसांवाचून अडलंय, एवढंच त्यांना कळलं. त्यांनी अख्खं हळदीकुंकू उचललं आणि रिक्षांत कोंबून थिएटरवर आणलं. यजमानणीशिवाय हळदीकुंकू कसं व्हायचं, म्हणून नाइलाजाने स्वतःही आल्या.

दिवे मालवायच्या आत माईंनी मॅनेजरच्या हातावरही तिळगूळ ठेवला. राजसीला गजरा मिळाला आणि वाण म्हणून चहाची गाळणी.

"हीच का गं?" मागच्या रांगेतून आवाज आला. "नाकीडोळी छान आहे हो!"

सोहम खुर्चीत जमेल तेवढा खाली सरकला. आपलं लग्न या खुर्चीतच मोडणार, याची त्याला खात्री पटली.

पडद्यावर एक आई आपल्या घोडनवऱ्या मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. मग तिने त्याच्या खिशात रुमाल खुपसला आणि दारात आलेल्या मित्राशी त्याच्या वतीने बोलूनही टाकलं. हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या सुनंदाकाकूंना राहवलं नाही.

"अगं बाई! ही तर आपली माई!"

सगळ्या खो खो हसल्या. राजसीही हसली. माईसुद्धा हसल्या, पण जरा उशिरा. आणि त्यानंतर पिक्चर संपेपर्यंत त्यांचा आवाज आला नाही. पडद्यावरची धमाल वाढत गेली, तरी सोहमचं लक्ष लागेना. तो सारखा मान वळवून माईंकडे बघत राहिला.

बाहेर आल्यावर राजसी गजरा सावरत सरळ माईंपाशी गेली.

"काकू, पुढच्या रविवारी सोहमला कोंडेश्वरच्या देवळात घेऊन जाऊ का?"

माईंचं तोंड सवयीने उघडलं आणि पुन्हा मिटलं.

"मला काय विचारतेस? त्यालाच विचार."

सोहमने चटकन माईंकडे पाहिलं. माई मान वळवून पॉपकॉर्नच्या काउंटरकडे टक लावून बघत होत्या. तिकडून काही मदत मिळायची लक्षणं दिसेनात.

"जाऊ की," सोहम म्हणाला. मग घसा खाकरून पुढे म्हणाला, "पण तू नाही, मी नेतो तुला. स्कूटरवरून."

"अरे, बोलतोस की!" राजसी हसली. "मग मी घरी हो म्हणून सांगते."

बायकांनी टाळ्याच वाजवल्या. सुनंदाकाकूंनी हळूच माईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडतेस का गं?"

"छे! त्या पॉपकॉर्नचा धूर जातोय डोळ्यांत."

काउंटर केव्हाच बंद झाला होता.