दामूअण्णांचे समुद्री पाहुणे

आमच्या आळीतल्या दामूअण्णांच्या न्हाणीत पावसाळाभर कुणी अंघोळ करत नाही. तिथे पाहुणे उतरलेले असतात. वादळ झालं की भरसमुद्रातले पक्षी वाऱ्याने फेकले जाऊन पार रोह्यापर्यंत येऊन पडतात, आणि अण्णा त्यांना खोक्यात घालून घरी आणतात. स्वतः मागच्या दारी अंघोळ करतात, एका हातात छत्री धरून.

धाटावच्या कंपनीतून रिटायर झालेला हा माणूस माणसांशी बोलतो तो फक्त भांडायला. माझ्या आंब्याची फांदी त्यांच्या हद्दीत गेली, तर कुंपणाशी उभं राहून मला तासभर सुनावलं. पक्ष्यापुढे मात्र काय तो मऊ आवाज! "घाबरू नको रे, वारा पडला हाय आता."

अक्कल म्हणाल, तर पहिल्या पक्ष्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून यांनी टबात मिठाची अख्खी पिशवी ओतली. कांद्यालाही नाक मुरडणारा हा गृहस्थ बाजारात नाकाला रुमाल लावून मांदेली निवडतो. "पोट फुटलेली नको गो, त्याला आवडत नाय."

कोळीण वैतागून म्हणते, "मग त्यालाच पाठवा ना काका!"

यंदाच्या वादळात तपकिरी पाठीचा, बदकाएवढा एक पक्षी आला. पंख लोंबत होता. वनखात्याच्या माणसाने फोनवर पेणच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. अण्णांचं ताजं भांडण माझ्याशीच होतं, पण आळीत गाडीही माझीच. वाटभर "खड्डा बघ, खड्डा बघ" ऐकून माझं डोकं उठलं. मी मुद्दाम फांदीचा विषय काढला. त्यांना ऐकूच आला नाही.

डॉक्टरांनी पंख बांधला आणि बजावलं, "परत रोह्याला नेऊ नका, धक्क्यांनी मरेल. चार दिवस इथेच कुणाकडे तरी शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवा."

अण्णांचं तोंड उतरलं. पेणमध्ये त्यांचं म्हणावं असं एकच घर, रामवाडीतलं, लेकीचं. सुमनने मनासारखं लग्न केलं तेव्हापासून अण्णांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. बराच वेळ खोक्यात बघत बसले, मग म्हणाले, "चल रामवाडीला." आता दारात हे काय तोंड दाखवणार, याची मला मजाच वाटत होती.

सुमनने दार उघडलं. अण्णांनी तिच्याकडे न बघता खोकं पुढे केलं. "ह्याला चार दिस ठेव. मांदेली मी आणून देईन. दाराशी ठेवून जाईन, आत येनार नाय."

तिने खोकं आत नेऊन ठेवलं आणि परत आली. अण्णा पायरीवरच, पावसात. त्यांना तसं बघून मला फार वाईट वाटलं.

"अण्णा," सुमन म्हणाली, "नवीन घरात तो एकटा कसा राहील? तुम्ही पन रावा."

अण्णांनी चपला काढल्या. मग माझ्याकडे वळले.

"तू नीघ," म्हणाले, "मला वेळ लागेल."