बलभीमचा घरचा क्लाउड

रविवारी सकाळी अंघोळ उरकून, कपाळाला भंडारा लावून बलभीमनं घरच्या मशीनमधला फोटोंचा जुना कंटेनर पुसून टाकला आणि नवा उतरवून चालू केला. पडद्यावर लख्ख पांढरं पान उघडलं. त्यावर लिहिलेलं होतं, ‘स्वागत आहे. तुमचा पहिला फोटो टाका.’

पहिला? बलभीमनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अणदूरच्या त्या घरातले झाडून सगळे फोटो, लग्नं, बारशी, जत्रा, नव्या विहिरीचं पाणी, सगळं त्या मशीनमध्ये होतं. होतं, असंच आता म्हणायचं.

बलभीम तुळजापुरातल्या एका पतसंस्थेत कॉम्प्युटर सांभाळायचा. तिथून मोडीत निघालेलं एक मशीन त्यानं घरी आणून धान्याच्या कोठीवर बसवलं आणि जाहीर केलं, की आपले फोटो परक्याच्या दारात ठेवायचे नाहीत, घरचा क्लाउड घरातच. त्यात प्रत्येक अ‍ॅप आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे डब्यात. फोटोंचा डबा वेगळा, भजनांचा वेगळा. एक नासला तरी दुसऱ्याला वास लागत नाही. जुना झाला की डबा फेकायचा, नवा आणायचा. पथ्य एकच. फोटो डब्यात साठवायचे नाहीत, बाहेर डिस्कवरच्या फोल्डरमध्ये ठेवायचे आणि डब्याला फक्त तिथली वाट दाखवायची. बलभीमनं वाट दाखवली होती, पण चुकीची. त्यामुळं फोटो मुकाट्यानं डब्यातच साचत गेले आणि डब्याबरोबरच गेले. बॅकअप मात्र रोज नेमानं होत होता, त्या रिकाम्या फोल्डरचा.

एवढ्यावर निभावलं असतं, पण बलभीम पडला हौशी. घरातल्या, नात्यातल्या एकेकाला समोर बसवून, फोनवरचं ओझं कमी करण्याचं महत्त्व पटवून त्यानं स्वतःच्या हातानं सगळ्यांचे फोटो पुसले होते.

त्यातही एका लहानशा व्हिडिओसाठी त्यानं मशीनचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. त्याचे वडील धुळाप्पा, पोरांचे आण्णा, गेल्या साली वारले. आई नागूबाईनं फोन शिकता शिकता एकदा चुकून त्यांचं चित्रण केलं होतं. धुळाप्पा मेंढरांना पाला टाकता टाकता वळतात आणि तिला नावानं हाक मारतात. उभ्या संसारात त्यांनी चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं, ‘अगं ए’वर सगळं भागवलं होतं. लाजेपायी नागूबाईनं तो व्हिडिओ कुणाला धाडला नाही. रोज दिवेलागणीला देवापुढं दिवा लावून झाला, की ती एकटीच तो बघायची.

त्या रविवारी संध्याकाळी तिनं हाक मारली, “बलभीम, तुझा बाप दिसंना की रं आज.”

“लाईट कमी-जास्त हूलालीय आई. उद्या दिसतील.”

दुसऱ्या दिवशी त्यानं ‘अपडेट चालू हाय’ म्हणून वेळ मारून नेली. तिसऱ्या दिवशी तो कामावरून आला तर मशीनच्या माथ्यावर भंडारा वाहिलेला होता. “दुखणं लई दिस चाललं म्हणून लावला,” नागूबाई म्हणाली.

मग त्यानं चोरून शोध सुरू केला. उमरग्याला दिलेल्या थोरल्या बहिणीला, दैवशालाला, फोन लावला.

“अक्का, आण्णांचे फोटो तुझ्याकडं चुकून ऱ्हायलेत का गं?”

“चुकून कशाला? समदेच हायत.”

“म्या पुसले होते की तुझ्या फोनवरनं.”

“तू येणार म्हणून कळलं, तवाच तुझ्या दाजीच्या फोनात घालून ठिवले.”

बलभीमनं रागानं फोन ठेवला आणि फोटो मात्र मागवून घेतले. संध्याकाळी त्यानं बायकोला, अक्षदाला, आडवळणानं विचारलं. तिनं भाकरी थापता थापता सांगितलं, की लग्नाचे, बारशाचे सगळे फोटो तिच्या माहेरी भावाच्या पेनड्राईव्हमध्ये आहेत.

“म्हंजे तुझा माझ्यावर भरोसा न्हवता?”

“तुमच्यावर हाय की. कोठीवरच्या त्या मशीनवर न्हवता.”

फोटो परत येत गेले आणि प्रत्येक फोटोगणिक बलभीमचा अपमान होत गेला. पण त्या अपमानातच त्याला एक आशा दिसली. घरात कुणाचाच आपल्यावर भरोसा नव्हता, तर आईचा तरी कशाला असेल? तिनंही कुठंतरी दडवून ठेवलाच असेल. तो जवळजवळ आनंदानं अंगणात गेला. नागूबाई तूर निवडत बसली होती.

“आई, त्यो आण्णांचा व्हिडिओ तू आनखी कुठं ठिवलास?”

“आनखी कुठं? तू म्हणलास की हितं सुखरूप ऱ्हातो. तुझ्यासमोरच पुसला की.”

अख्ख्या गोतावळ्यात एकाच माणसानं बलभीमवर विश्वास ठेवला होता, आणि नेमकं त्याचंच गेलं होतं. बलभीमला रडू फुटलं. डबा, फोल्डर, चुकलेली वाट, सगळं त्यानं सांगून टाकलं. नागूबाईचा हात सुपातच थांबला.

“म्हंजे देव आत असतानाच देऊळ पाडलंस व्हय?” ती म्हणाली. “आपला खंडोबा एकच न् देवळं दोन, दर साली नळदुर्गाला जातो न् परत येतो. आदी देव हलवायचा असतो, हे अणदूरच्या पोराला सांगाया लागतंय.”

बलभीम मान खाली घालून बसून राहिला. मग तिनं सूप बाजूला सारलं.

“धर त्यो मोबाईल. चालू कर.”

ती उठली, पदर खोचला, वाकून पाला टाकल्यासारखं केलं आणि वळून धुळाप्पांच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, “नागू, हिकडं काय बघलालीस? तिकडं चहा उतू गेला बग.”

आवाज इतका हुबेहूब होता, की बलभीमनं मोबाईलवरची नजर काढून मेंढरांकडं पाहिलं. नागूबाई स्वतःच हसायला लागली आणि हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला. दारात अक्षदा उभी होती. सासरे सासूला नावानं हाक मारायचे, हे तिला आज पहिल्यांदा कळत होतं.

बलभीमनं नाक पुसलं. सवयीनं त्याचं बोट अपलोडकडं वळलं. “ह्यो आता नीट ठिवतो बग. वाट दुरुस्त केलीय म्या.”

नागूबाईनं त्याच्या हातातून फोन काढून अक्षदाकडं दिला.

“आदी दैवशालाला धाड. मग तुझ्या भावाला. समद्यास्नी धाड, आता कसली लाज.”

“आन मला गं?” बलभीमनं विचारलं.

नागूबाईनं त्याच्याकडं मायेनं पाहिलं आणि थोडा विचार केला.

“तू हितं येऊन बघत जा.”