इंजिन बंद करायचं नाही

गाडीची बॅटरी उतरली म्हणून हातपाय गाळणाऱ्यांतली मी नाही. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. चाकं फिरली की इंजिन फिरतं, इंजिन फिरलं की बॅटरी भरते. यात घाबरण्यासारखं काय आहे?

त्या सकाळी धाकट्या नणंदेला मुलाखतीला वेळेत पोचवायचं होतं आणि आमची म्हातारी गाडी किल्ली फिरवली की नुसती खाकरत होती. सासूबाईंनी टॅक्सी सुचवली. मी त्यांना शांतपणे गाडीमागे उभं केलं, शेजारी नणंदेला, आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला. गाडीने अडलेल्या म्हशीसारखा हिसका दिला आणि सुरू झाली!

नणंद धापा टाकत आत बसली. मी तिला बजावलं, घरी परतेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही.

ऑफिसच्या फाटकाशी ती म्हणाली, "वहिनी, किल्ली दे. सर्टिफिकेटं डिकीत आहेत."

आमच्या गाडीत इंजिनाला आणि डिकीला किल्ली एकच.

पण मागच्या सीटची पाठ निघते, हे मला ठाऊक होतं. ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता मी सूचना देत गेले. नणंद कमरेपर्यंत डिकीत शिरली, पाय खिडकीबाहेर आले, आणि रखवालदारही आला. बाईंना कुठे नेताय, असं त्याने दरडावून विचारलं. मुलाखतीला, मी म्हटलं. त्याला ते पटेना. तेवढ्यात डिकीतून आवाज आला, "काका, जरा पाय ओढा माझे."

ती बाहेर आली, फाइलसकट. एका गालावर ग्रीस होतं. मी पुसल्यावर दोन्ही गालांवर आलं. पण वेळेत पोचली!

मग बॅटरी भरावी म्हणून मी ऑफिसभोवती फेऱ्या मारत राहिले. थोड्या वेळाने रखवालदार सलाम करू लागला.

नणंद हसतच आली. नोकरी मिळाली होती, उद्यापासूनच. पुढच्या चौकात गाडी आपणहून बंद पडली. मी किल्ली फिरवली, स्टार्टर जोरात गुरगुरला. पुन्हा फिरवली, पुन्हा गुरगुरला.

"ऐकलंस? बॅटरी अगदी ठणठणीत भरली आहे."

नणंदेने पेट्रोलच्या काट्यावर बोट ठेवलं. तो केव्हाच तळाला टेकला होता.

"वहिनी," ती मायेने म्हणाली, "उद्या मी बसने जाईन हं."

एका प्रयोगात एकाच गोष्टीवर लक्ष ठेवायचं असतं. मी बॅटरीवर ठेवलं होतं.