वीस सेकंदांचा संशयित

संगणकाच्या बाबतीत मला कोणी गंडवू शकत नाही! कारण मी एक नियम पाळतो. त्याने काहीही विचारलं, तरी ‘हो’ म्हणायचं नाही. एकदा म्हटलं होतं, तर मेव्हण्याच्या लग्नाचे सगळे फोटो पुसले गेले! तेव्हापासून स्क्रीनवर प्रश्नाची चौकट उगवली की मी सरळ मान फिरवतो.

त्या दुपारी बायको म्हणाली, “अहो, हे पक्षी बघा. एकालाही पाय नाहीत!”

तिला आयुष्यात पहिल्यांदा प्रुफं तपासण्याचं काम मिळालं होतं. पक्ष्यांचं पुस्तक. चार वाजेपर्यंत पाठवलं, तर पुढची तीन पुस्तकंही तिलाच मिळणार होती. आणि नेमका सकाळी जुना मॉनिटर गेला! मी माळ्यावरचा दुसरा काढून जोडला, तर त्यावर सगळं अवाढव्य दिसायला लागलं. बगळ्याची चोच दिसली की पाय शोधायला तीनदा खाली सरकावं लागायचं.

“रेझोल्यूशन बदलायचं, बस! दहा मिनिटांचं काम. तू तोवर जेवून घे.”

आमचा संगणक बारा वर्षांचा. मेव्हण्याने त्यात लिनक्स घातलंय, म्हणून अजून धुगधुगी आहे. मी सेटिंगमध्ये शिरलो, मोठ्यातला मोठा आकडा निवडला आणि ‘लागू करा’ दाबलं. स्क्रीन क्षणभर काळी झाली, मग उजळली. अख्खा बगळा, पायांसकट! मध्येच एक चौकट येऊन काहीतरी विचारू लागली. मी मान फिरवली आणि छाती फुगवून स्वयंपाकघरात गेलो.

“चल, बघायला चल!”

बायको आली. बगळ्याला पाय नव्हते.

“आत्ता होते!” मी ओरडलो.

“उडाला असेल,” ती म्हणाली आणि परत जेवायला गेली.

मी पुन्हा बदललं. पुन्हा चौकट, पुन्हा मान फिरवली. फिरवलेली मान जिथे थांबली, तिथे खुर्चीत सासूबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. मान परत वळवतोय, तर पाय गायब! आता मात्र मला दाट संशय आला. सासूबाईंना संगणकाच्या पंख्याची घरघर पहिल्यापासून खपत नाही.

“आई, तुम्ही कशाला हात लावलात का?”

“लावला. लोकरीला.”

उत्तर जरा जास्तच तयार होतं! मी कपाटातून पावडरचा डबा आणला आणि माऊसवर, कळफलकावर भुरभुरवला. ठसे घ्यायला! मग रेझोल्यूशन बदलून बाल्कनीत गेलो आणि काचेतून पाळत ठेवली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. आणि माझ्या डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली, बगळा पुन्हा लंगडा! माऊसवर मात्र एका जाडजूड अंगठ्याचा ठसा सापडला. सासूबाईंचा अंगठा बारीक आहे. मी त्यांना मनातल्या मनात निर्दोष सोडलं.

म्हणजे हे बाहेरून चाललंय! संगणकाची नस न् नस ठाऊक असलेला माणूस कोण? ज्याच्या लग्नाचे फोटो गेले तो! मी मेव्हण्याला फोन लावला.

“तू तिकडून माझी स्क्रीन बदलतोयस ना? खरं सांग!”

“आ... आऊजी... आ...”

“तोंडात काय धरलंयस?”

“आ... आक्टर...”

मागून एक बाई म्हणाली, “ते नंतर बोलतील. मी त्यांची दाढ काढतेय.”

वा! सापडायच्या वेळीच बरी दाढ दुखते! मी फोन ठेवला आणि इंटरनेटची वायर उपटून खिशात घातली. आता कसा बदलतोस तेच बघतो! सेटिंग पुन्हा लावली, खुर्ची ओढून बसलो, डोळ्यांची पापणी लवू दिली नाही. चौकट आली. मी तिच्या आजूबाजूला बघत राहिलो. पुन्हा अंधार, पुन्हा पाय गेले.

मला घाम फुटला. पावणेचार वाजले होते. बायको दारात उभी होती. तिची नजर घड्याळावरून हलत नव्हती. मला खरंच वाईट वाटलं. तिचं पहिलंवहिलं काम माझ्या हातून बुडणार होतं!

“पुन्हा एकदा करा बघू,” ती हळूच म्हणाली. “माझ्यासमोर.”

मी केलं. बगळा उभा राहिला. चौकट आली.

“अहो, हे काय विचारतंय? ‘ही मांडणी अशीच ठेवायची का? नाहीतर वीस सेकंदांनी पूर्वीसारखं होईल.’ आकडे उलटे मोजतंय बघा!”

“त्याला उत्तर द्यायचं नसतं! माझा नियम...”

तिने माझा जाडजूड अंगठा माऊसवरून उचलला आणि ‘हो’ दाबलं.

बगळा गेला नाही. तिने उरलेली चार पानं भराभर तपासली, माझ्या खिशातून वायर काढून जोडली आणि तीन अठ्ठावन्नला पुस्तक पाठवलं. मग बोटांची पावडर माझ्याच शर्टाला पुसत म्हणाली, “लग्नात मला असे वीस सेकंद मिळाले असते ना, तर मी काय दाबलं असतं, सांगू का?”

सासूबाईंच्या सुया थांबल्या.

मी मान फिरवली. नियम म्हणजे नियम!